शहाणपण मागताना नेमकं काय मागायचं: दुआ, इस्तिखारा आणि निर्णय

प्रश्न थोडक्यात असा: मोठा निर्णय तोंडावर आला आहे, दोन्ही बाजू पटतात, डोकं चालेनासं झालं आहे. अशा वेळी योग्य तेच सुचावं म्हणून इस्लाममध्ये कोणती दुआ (अल्लाहकडे केलेली प्रार्थना) आहे, ती कशी आणि कधी करायची, आणि उत्तर मिळालं हे ओळखायचं कसं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. निर्णयाच्या वेळी म्हणायला पैगंबर मुहम्मद (स.) यांनी ज्या दुआ शिकवल्या, त्यांचे शब्द नीट वाचा. त्यांत स्वप्न, रंग, शकुन यांपैकी काहीही मागितलेलं नाही. ज्ञान, समज, सरळ वाट आणि जे भल्याचं असेल ते सोपं व्हावं, एवढंच मागितलं आहे. दुआ म्हणजे कौल लावणं असं समजून बसलेला माणूस दिवसचे दिवस खुणेची वाट पाहतो आणि मधल्या काळात ना चौकशी करतो, ना कुणाला विचारतो. निर्णय मग मुदत संपल्यामुळे आपोआप होतो, आणि त्यालाच तो उत्तर समजतो.

दुआ आणि प्रयत्न यांचं नातं कसं असतं ते एका हदीसमध्ये (पैगंबरांचं बोलणं-वागणं सांगणाऱ्या नोंदीत) फार स्वच्छ दिसतं. पैगंबरांनी हजरत अली (रजि.) यांना न्यायनिवाडा करण्यासाठी यमनला पाठवलं. अली म्हणाले, मी वयाने लहान, मला निवाड्याचं ज्ञान नाही. त्यावर पैगंबर म्हणाले की अल्लाह तुमच्या हृदयाला मार्ग दाखवील आणि जीभ स्थिर ठेवील. आणि लगेच पुढे सांगितलं की दोन पक्षकार समोर बसले की पहिल्याचं जसं ऐकलं तसंच दुसऱ्याचंही ऐकल्याशिवाय निकाल देऊ नका. अबू दाऊद यांच्या संग्रहात ही हदीस आहे. आश्वासन आणि कामाची पद्धत दोन्ही एकाच दमात आली आहेत. पुढचं सगळं याच अंगाने वाचावं.

कुरआनात शहाणपण ही अल्लाहची देणगी म्हटली आहे: तो हवं त्याला हिकमत देतो, आणि ज्याला हिकमत मिळाली त्याला फार मोठं भलं मिळालं (२:२६९, म्हणजे अध्याय दोन, आयत २६९). पण ‘मला शहाणपण दे’ एवढं मोघम मागून भागत नाही. आपल्यात नेमकं काय कमी पडतंय ते आधी ओळखावं लागतं. उणीव वेगळी, तशी दुआही वेगळी.

पुष्कळदा उणीव फक्त माहितीची असते. कराराची कलमं वाचलेली नाहीत, उपचाराचे दुष्परिणाम विचारलेले नाहीत, समोरच्या माणसाबद्दल फक्त ऐकीव गोष्टी हाताशी आहेत. इथे दुआ आहे ‘रब्बि जिद्नी इल्मा’, हे माझ्या पालनकर्त्या, माझं ज्ञान वाढव (२०:११४). ही दुआ सगळ्यांना तोंडपाठ असते. तिच्या अलीकडचं वाक्य मात्र फारसं कुणी वाचत नाही. त्याच आयतीत आधी सांगितलं आहे की वह्य (अल्लाहकडून येणारा संदेश) पूर्ण होण्याआधी कुरआनाची घाई करू नका. म्हणजे ज्ञान मागण्याआधी घाई थांबवण्याची सूचना आहे. दुसरीकडे कुरआन असंही सांगतो की माहीत नसेल तर जाणकारांना विचारा (१६:४३), आणि बातमी आली तर तिची शहानिशा करा (४९:६). ही दुआ करून फोन न करणारा, कागद न वाचणारा माणूस अर्धीच दुआ करतो.

माहिती हाताशी असून उकल होत नसेल तर समज मागावी. याचा नमुना कुरआनात दाऊद (अलै.) आणि सुलैमान (अलै.) यांच्या प्रसंगात आहे (२१:७८-७९). एकाच्या शेतात दुसऱ्याच्या मेंढ्या रात्री शिरल्या आणि पीक खाऊन गेल्या. भाष्यकार सांगतात त्याप्रमाणे दाऊद यांनी भरपाई म्हणून मेंढ्या शेतमालकाला द्यायचा निवाडा दिला. सुलैमान यांनी तोड वेगळी काढली: मेंढ्या तात्पुरत्या शेतमालकाकडे राहू द्या, त्याने दूध, लोकर, कोकरं यांचा लाभ घ्यावा, मेंढ्यांच्या मालकाने तोवर शेत कसून पूर्वीसारखं करावं, मग ज्याचं त्याला परत. नुकसान भरलं गेलं आणि कुणाचं भांडवलही कायमचं गेलं नाही. कुरआनाचे शब्द आहेत की आम्ही सुलैमानला त्याची समज दिली, आणि दोघांनाही निर्णयशक्ती व ज्ञान दिलं होतं. दाऊद अज्ञानी ठरत नाहीत. त्या एका प्रकरणाची उकल सुलैमान यांना झाली. इब्न कय्यिम यांनी आपले गुरू इब्न तैमिया (मृत्यू १३२८) यांच्याबद्दल लिहिलं आहे की मसला (प्रश्न) अवघड झाला की ते ‘या मुअल्लिमा इब्राहीम, अल्लिम्नी’ म्हणत, म्हणजे इब्राहीमला शिकवणाऱ्या, मला शिकव. हे हदीसमधलं नाही, एका विद्वानाची सवय आहे. पण प्रश्न समोर ठेवून मागायचं कसं ते यातून कळतं. कुरआनातली स्वतः इब्राहीम (अलै.) यांची दुआ अशी:

रब्बि हब ली हुक्मंव् व अल्हिक्नी बिस्सालिहीन (२६:८३)

हे माझ्या पालनकर्त्या, मला निर्णयशक्ती दे आणि मला सदाचारी लोकांत सामील कर. निर्णयशक्तीच्या शेजारीच चांगल्यांची संगत मागितली आहे हे विसरू नये. ज्यांच्यात आपण दिवसभर उठतो-बसतो, त्यांचंच गणित आपल्या निर्णयात उतरत असतं.

तिसरी उणीव कुणी सहसा कबूल करत नाही: योग्य काय ते कळलेलं असतं, पण मन तिकडे वळत नाही. ‘मला मार्ग दिसत नाही’ असं म्हणणाऱ्या पुष्कळांना मार्ग दिसत असतो, तो गैरसोयीचा असतो. इथे सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातली जैद बिन अर्कम (रजि.) यांनी सांगितलेली दुआ कामाची:

अल्लाहुम्मा इन्नी अऊजु बिका मिन इल्मिल् ला यन्फअ्, व मिन कल्बिल् ला यख्शअ्, व मिन नफ्सिल् ला तश्बअ्, व मिन दअ्वतिल् ला युस्तजाबु लहा

उपयोगी न पडणारं ज्ञान, न झुकणारं हृदय, तृप्त न होणारं मन आणि न स्वीकारली जाणारी दुआ, या चारांपासून मी तुझा आश्रय घेतो. क्रम बघा. ज्ञान निरुपयोगी का ठरतं, तर हृदय झुकत नाही; हृदय का झुकत नाही, तर मनाची हाव संपत नाही; आणि तशा स्थितीत केलेली मागणी वर पोचत नाही.

दोन गट दोन गोष्टी सांगताहेत, दोघांकडेही पुरावे आहेत आणि सत्य कुठे आहे हेच कळत नाही, अशा वेळी हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलेली, पैगंबर रात्रीच्या नमाजची सुरुवात जिने करत ती दुआ आहे (सहीह मुस्लिम):

अल्लाहुम्मा रब्बा जिब्राईला व मीकाईला व इस्राफील, फातिरस्समावाति वल अर्ज, आलिमल गैबि वश्शहादह, अन्ता तह्कुमु बैना इबादिका फीमा कानू फीहि यख्तलिफून, इह्दिनी लिमख्तुलिफा फीहि मिनल हक्कि बिइज्निका, इन्नका तह्दी मन तशाउ इला सिरातिम् मुस्तकीम

सार असं: जिब्रील, मीकाईल आणि इस्राफील यांच्या पालनकर्त्या, आकाश-पृथ्वीच्या निर्मात्या, गुप्त-प्रकट जाणणाऱ्या, तुझ्या दासांमधल्या मतभेदांचा निवाडा तूच करतोस, ज्या सत्याबद्दल मतभेद झाला आहे त्यात तुझ्या हुकमाने मला वाट दाखव. खुद्द पैगंबर हे मागत, म्हणजे ‘मला सगळं कळतं’ असं म्हणायला जागा कुणालाच उरत नाही.

‘अल्लाहुम्मा अरिनल हक्का हक्कन’ ही सुद्धा फार प्रचलित दुआ आहे: सत्य सत्य म्हणून दाखव आणि त्यामागे चालणं नशिबी दे, असत्य असत्य म्हणून दाखव आणि त्यापासून दूर राहणं नशिबी दे. अर्थ उत्तम आहे, म्हणायला हरकत काहीच नाही. फक्त ती पैगंबरांची हदीस म्हणून पुढे पाठवू नये. हदीसच्या सहा प्रमुख संग्रहांत ती तशी आलेली नाही.

बोलताना गडबडणाऱ्यांनी, म्हणजे मुलाखत, साक्ष, बैठक असं काही समोर असेल तर, मूसा (अलै.) यांची दुआ घ्यावी: रब्बिश्रह ली सद्री, व यस्सिर ली अम्री, वह्लुल उक्दतम् मिल्लिसानी, यफ्कहू कौली (२०:२५-२८), माझं हृदय खुलं कर, माझं काम सोपं कर आणि जिभेची गाठ सोड, म्हणजे लोकांना माझं बोलणं कळेल. सगळे मार्ग खुंटले असतील तर कुरआनातल्या, गुहेत आसरा घेतलेल्या तरुणांची: रब्बना आतिना मिल्लदुन्का रहमतंव् व हय्यिअ् लना मिन अम्रिना रशदा (१८:१०), तुझ्याकडून आम्हाला दया दे आणि आमच्या कामात सरळ वाट तयार करून दे.

रोजच्या वापराला मात्र सर्वांत हाताशी ठेवण्याजोगी दुआ दोनच शब्दांची आहे: अल्लाहुम्मह्दिनी व सद्दिद्नी. मला वाट दाखव आणि मला अचूक कर. हजरत अलींना ती शिकवताना पैगंबरांनी मनात काय आणायचं तेही सांगितलं (सहीह मुस्लिम): वाट म्हणताना रस्ता सापडणं आठवा, अचूकपणा म्हणताना बाणाचा सरळपणा आठवा. तोंडाने शब्द आणि मन भलतीकडे, ही जी नेहमीची तक्रार असते तिच्यावर हा उपाय आहे. अर्थ डोळ्यांसमोर आणून म्हटलं की दोन शब्दांनाही वेळ लागतो. आणि सरळ मार्गाची मागणी आपण तशीही रोज करतोच: पाच नमाजांच्या फर्ज (अनिवार्य) रकाती (नमाजमधली आवर्तनं) २, ४, ४, ३ आणि ४ मिळून १७ होतात, म्हणजे प्रत्येक रकातीतल्या फातिहा या सूरहमधलं ‘इह्दिनस्सिरातल मुस्तकीम’ दिवसात किमान १७ वेळा येतं. तिथे लक्ष नसेल तर वेगळी खास दुआ शोधून फार काही साधणार नाही.

आता पद्धत. फजाला बिन उबैद (रजि.) यांच्या हदीसमध्ये एक माणूस नमाजमध्ये अल्लाहची स्तुती न करता, दरूद (पैगंबरांसाठीची शुभप्रार्थना) न पाठवता थेट मागू लागला, पैगंबर म्हणाले, याने घाई केली. तेव्हा क्रम असा: आधी अल्लाहची स्तुती, मग दरूद, मग मागणं. ‘तुला वाटलं तर दे’ असं म्हणू नये, ठामपणे मागावं, असं बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तीनदा मागणं ही पैगंबरांची सवय होती. ‘मागितलं, पण मिळालं नाही’ म्हणत सोडून देणं हीच ती घाई जिच्यामुळे दुआ अडते, हेही तिथेच आलं आहे. मुस्लिममध्ये आणखी एक कडक हदीस आहे: दूरचा प्रवास करून आलेला, केस विस्कटलेला, धुळीने माखलेला माणूस आकाशाकडे हात पसरून ‘या रब, या रब’ म्हणतो, पण त्याचं खाणं हराम, पिणं हराम, कपडे हराम, मग त्याची दुआ कशी स्वीकारली जाणार? व्यवहारातल्या निर्णयासाठी दुआ करणाऱ्याने आधी त्याच व्यवहारात कुणाचे पैसे अडकवून ठेवलेत का ते पाहावं.

वेळांमध्ये सजद्याची (कपाळ जमिनीला टेकवण्याची) स्थिती, अजान (नमाजची हाक) आणि इकामत (नमाज सुरू होतानाची हाक) यांमधला वेळ आणि रात्रीचा शेवटचा तिसरा भाग, या तिन्हींबद्दल हदीस आहेत. तिसरा भाग म्हणजे पहाटे तीन वाजता असं ठोकून सांगितलं जातं, ते बरोबर नाही. मगरिबपासून (सूर्यास्ताची नमाज) फज्रपर्यंतचा (पहाटेची नमाज) वेळ मोजून तीनने भागायचा. मगरिब साडेसहाला आणि फज्र पाचला असेल तर रात्र साडेदहा तासांची, एक भाग साडेतीन तासांचा, म्हणजे शेवटचा भाग दीड वाजता सुरू होतो. थंडी-उन्हाळ्यात हे बदलत राहतं. उठायला जमत नसेल तर फज्रच्या आधी वीस मिनिटं मिळाली तरी ती त्याच भागात पडतात.

उच्चाराबद्दल एक सूचना. देवनागरीत अरबी पूर्ण उतरत नाही. वरच्या दुआतल्या ‘कल्ब’ मधला क घशाच्या आतून, पडजिभेजवळून काढायचा असतो. तो साध्या क सारखा म्हटला तर ‘हृदय’ ऐवजी ‘कुत्रा’ असा अर्थ होतो. तसंच ‘बिका’, ‘इन्नका’ यांचा शेवटचा स्वर मराठीच्या सवयीने लांबवू नये. कुणा जाणकाराकडून दोन-तीनदा ऐकून घ्यावं. तोवर अर्थ समजून आपल्या भाषेत मागायला नमाजबाहेर कुणाचीच मनाई नाही. नमाजच्या आत मात्र अरबी दुआच म्हणाव्यात. हनफी (सुन्नी कायद्याच्या चार परंपरांपैकी एक) मताप्रमाणे आत दुसऱ्या भाषेत दुआ करणं नापसंत आहे.

इस्तिखारा

इस्तिखारा म्हणजे एखादं काम करण्याआधी दोन रकाती नमाज पढून अल्लाहकडे भलं मागणं. जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) सांगतात की पैगंबर आम्हाला सर्व कामांत इस्तिखारा असा शिकवत जशी कुरआनातली सूरह शिकवतात (सहीह बुखारी). ‘सर्व कामांत’ हे शब्द महत्त्वाचे. तो फक्त लग्न ठरवण्यापुरता नाही. पण सर्व कामं म्हणजे जायज (धर्माने मुभा दिलेली) कामं. फर्ज नमाज पढावी की नाही, व्याजाचा धंदा करावा की नाही, यावर इस्तिखारा नसतो. तिथे उत्तर आधीच मिळालेलं आहे. हजला जावं का, यावर नाही; यंदा जावं की पुढच्या वर्षी, कुणाबरोबर जावं, यावर असतो.

कृती साधी आहे. वुजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) करायचा, फर्जव्यतिरिक्त दोन रकाती नफ्ल (ऐच्छिक) इस्तिखाऱ्याच्या नीयतने पढायच्या. इमाम नववी यांनी पहिल्या रकातीत सूरह काफिरून आणि दुसरीत सूरह इख्लास सुचवली आहे. हदीसमध्ये ठराविक सूरह नाही, येईल ती चालते. सूर्योदयाच्या वेळी, सूर्य ऐन माथ्यावर असताना आणि सूर्यास्ताच्या वेळी पढायची नाही. फज्रनंतर सूर्य वर येईपर्यंत आणि असरनंतर (दुपारनंतरची नमाज) मगरिबपर्यंतही टाळावी. इशानंतरच (रात्रीच्या नमाजनंतरच) पढायची, कुणाशी न बोलता झोपायचं, असं बंधन हदीसमध्ये नाही. सकाळी अकरा वाजता पढलेला इस्तिखाराही इस्तिखाराच. सलाम फेरल्यावर, म्हणजे नमाज संपवल्यावर, स्तुती आणि दरूद म्हणून ही दुआ करायची:

अल्लाहुम्मा इन्नी अस्तखीरुका बिइल्मिका, व अस्तक्दिरुका बिकुद्रतिका, व अस्अलुका मिन फज्लिकल अजीम. फइन्नका तक्दिरु वला अक्दिरु, व तअ्लमु वला अअ्लमु, व अन्ता अल्लामुल गुयूब. अल्लाहुम्मा इन कुन्ता तअ्लमु अन्ना हाजल अम्रा खैरुल् ली फी दीनी व मआशी व आकिबति अम्री, फक्दुर्हु ली व यस्सिर्हु ली, सुम्मा बारिक ली फीह. व इन कुन्ता तअ्लमु अन्ना हाजल अम्रा शर्रुल् ली फी दीनी व मआशी व आकिबति अम्री, फस्रिफ्हु अन्नी वस्रिफ्नी अन्हु, वक्दुर लियल खैरा हैसु काना, सुम्मा अर्जिनी बिह

अर्थ: हे अल्लाह, तुझ्या ज्ञानाच्या आधारे मी तुझ्याकडे भलं मागतो, तुझ्या सामर्थ्यातून सामर्थ्य मागतो, तुझी मोठी कृपा मागतो. तुला शक्य आहे, मला नाही. तुला ठाऊक आहे, मला नाही. गुप्त गोष्टी तूच जाणतोस. हे काम माझा धर्म, माझी उपजीविका आणि माझा शेवट यांच्या दृष्टीने माझ्या भल्याचं आहे असं तुला ठाऊक असेल, तर ते माझ्या नशिबी लिही, सोपं कर आणि त्यात बरकत दे. आणि ते वाईट आहे असं तुला ठाऊक असेल, तर ते माझ्यापासून फिरव, मलाही त्यापासून फिरव, आणि भलं जिथे असेल तिथून ते माझ्या नशिबी लिही, मग त्यावर मला राजी कर.

‘हाजल अम्रा’ म्हणजे ‘हे काम’ दोनदा येतं. दोन्ही वेळा आपलं काम मनात आणायचं किंवा नाव घेऊन सांगायचं. चुका इथेच होतात. ‘हे घर घेऊ की ते घेऊ’ असं दुहेरी वाक्य या दुआत बसत नाही, कारण दुआ एकाच कामाबद्दल ‘भलं असेल तर, वाईट असेल तर’ असं विचारते. ज्या पर्यायाकडे चौकशीअंती कल झाला आहे तो एक घ्यायचा: ‘हे अमुक घर, अमुक किमतीला, या वर्षी घेणं’. वाक्य जितकं नेमकं तितकं बरं, कारण पुष्कळदा घर चांगलं असतं, घेण्याची वेळ चुकीची असते.

फिरवण्याची मागणी दोन बाजूंनी आहे हेही बघा: काम माझ्यापासून फिरव आणि मला कामापासून फिरव. नोकरी हातची गेली पण मन तिथेच अडकलं, तर अर्धंच सुटलं.

मग उत्तर कसं कळतं? ‘मन जिकडे मोकळं होईल तिकडे जावं’ हे नववींचं मत आहे, आणि त्यांनीच बजावलं आहे की आधीपासून जी ओढ होती तिला मनाचं मोकळं होणं समजू नये. इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम यांचं म्हणणं असं की इस्तिखारा करून जे जमेल ते करावं, त्यातच भलं आहे. मला दुसरं मत व्यवहारात जास्त सुरक्षित वाटतं. घाबरट स्वभावाच्या माणसाला कुठलीच गोष्ट करताना मन मोकळं वाटत नाही आणि उतावळ्याला सगळ्याच करताना वाटतं. भावनेच्या तराजूत दोघंही चुकीचं वजन करतात. इस्तिखाऱ्यानंतर तयारी करून पाऊल उचलायचं. वाट मोकळी होत गेली तर पुढे जायचं. एखादा अडथळा आला म्हणजे लगेच ‘नकार’ नाही, अडथळे चांगल्या कामातही येतात. पण प्रामाणिक प्रयत्नांनंतर दार बंदच राहिलं तर तेच उत्तर समजून दुसरीकडे वळायचं.

स्वप्नाचं काय? इब्न आबिदीन यांच्या हनफी ग्रंथात काही बुजुर्गांच्या हवाल्याने पांढरा किंवा हिरवा रंग दिसला तर चांगलं, काळा किंवा लाल दिसला तर टाळावं, असं आलं आहे. लोकांत हे फार मुरलेलं आहे. हदीसमध्ये ते नाही. सात वेळा इस्तिखारा करण्याची जी रिवायत (कथन) सांगतात तिची सनद (सांगणाऱ्यांची साखळी) अत्यंत कमजोर आहे. एकाहून जास्त वेळा करायला मात्र हरकत नाही. दुसऱ्याकडून ‘इस्तिखारा काढून घेणं’, नावाच्या अक्षरांचे आकडे मांडून होय-नाही सांगणं, पैसे घेऊन निकाल कळवणं, या गोष्टींचा या नमाजशी संबंध नाही. बाण टाकून नशीब पाहणं कुरआनाने निषिद्ध केलं आहे (५:३), आणि हे त्याच वळणावर जातं. शिया परंपरेत तसबीह (जपमाळ) किंवा कुरआन उघडून इस्तिखारा करण्याची वेगळी रीत आहे. इथे लिहिलं आहे ते सुन्नी पद्धतीप्रमाणे. दुआत ‘माझा धर्म, माझी उपजीविका’ असे शब्द आहेत, तेव्हा ज्याचं काम त्यानेच मागावं. आईवडिलांनी मुलांसाठी भल्याची दुआ अवश्य करावी, पण मुलीच्या लग्नाचा इस्तिखारा मुलीने स्वतः करावा. हजरत जैनब बिंत जहश (रजि.) यांना खुद्द पैगंबरांचा लग्नाचा निरोप आला तेव्हाही त्या म्हणाल्या, माझ्या पालनकर्त्याला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही, आणि आपल्या नमाजच्या जागी उभ्या राहिल्या (सहीह मुस्लिम).

इस्तिखारा करूनही परिणाम वाईट झाला, म्हणजे तो ‘लागू पडला नाही’, हीही एक नेहमीची तक्रार. दुआत फायद्याची हमी मागितलेली नाही. धर्म, उपजीविका आणि शेवट या तिन्हींचं भलं मागितलं आहे, आणि अखेरीस राजी होणं मागितलं आहे. तुम्हाला एखादी गोष्ट नकोशी वाटेल आणि ती तुमच्या भल्याची असेल, असं कुरआन सांगतो (२:२१६). एखाद्या वर्षाच्या तोट्यावरून याचा हिशेब मांडता येत नाही.

मशवरा

मशवरा म्हणजे सल्लामसलत. दुआ झाली की माणसांना विचारायचं, किंवा आधी विचारून मग इस्तिखारा करायचा, दोन्ही चालतं. पैगंबरांना वह्य येत असूनही आदेश होता: कामात त्यांच्याशी सल्लामसलत करा, मग निश्चय झाला की अल्लाहवर भरवसा ठेवा (३:१५९). सल्ला, निश्चय, भरवसा हा क्रम आहे. भरवसा आधी आणून सल्ला गाळता येत नाही, आणि निश्चय झाल्यावर पुन्हा पुन्हा सल्ल्याकडे परतत राहणंही नाही.

दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) सिरियाकडे निघाले असता सर्ग इथे कळलं की पुढे प्लेगची साथ आहे. त्यांनी आधी सुरुवातीच्या मुहाजिरांना (मक्केहून मदिनेला आलेल्यांना) बोलावलं. त्यांच्यात मतभेद झाला. मग अन्सारना (मदिनेच्या मूळ मुस्लिमांना), तिथेही तेच. मग मक्का जिंकली त्या सुमारास हिजरत केलेल्या कुरैशच्या वयस्क लोकांना. त्यांनी एकमुखाने परत फिरायला सांगितलं. उमर यांनी परतण्याचा निर्णय जाहीर केला. अबू उबैदा (रजि.) म्हणाले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता? उमर यांचं उत्तर होतं की आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जातो आहोत. नंतर अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि त्यांनी साथीच्या गावात शिरू नये, तिथे असाल तर पळून बाहेर पडू नये ही हदीस सांगितली. उमर यांनी अल्लाहचे आभार मानले. यात तीन गट वेगवेगळे बोलावले आहेत, एकत्र नाहीत; एकत्र बसवलं की मोठ्या आवाजाच्या माणसाचं मत सगळ्यांचं होतं. शेवटी निर्णय एकानेच घेतला आणि त्याची जबाबदारीही घेतली.

कुणाला विचारायचं? विषय जाणणारा, आपलं भलं चिंतणारा आणि त्या निर्णयात ज्याचा स्वतःचा फायदा नाही असा माणूस. धर्माच्या बाबतीत आलिम, आजाराच्या बाबतीत डॉक्टर, कागदपत्रांच्या बाबतीत वकील. मशिदीत पुढच्या सफेत (रांगेत) असतो म्हणून जमिनीच्या व्यवहारातलंही कळतं असं नाही. आणि घरातलं मत गाळू नका: हुदैबियाच्या तहाच्या वेळी लोक कुर्बानी करायला उठेनात, तेव्हा कुणाशी न बोलता बाहेर जाऊन आधी स्वतः कुर्बानी करा आणि केस उतरवा, हा सल्ला पैगंबरांच्या पत्नी उम्मे सलमा (रजि.) यांनी दिला आणि पैगंबरांनी तो तसाच पाळला.

दुसऱ्यांच्या भांडणात निवाडा करायची वेळ आली, मग तो घरातल्या वाटणीचा असो की संस्थेच्या बैठकीतला, तर रागात निकाल देऊ नये ही हदीस बुखारी-मुस्लिममध्ये आहे. फिक्हच्या (इस्लामी कायद्याच्या) जाणकारांनी त्यात तीव्र भूक, झोप, दुःख, अगदी लघवीची घाई यांचाही समावेश केला आहे. चित्त ठिकाणावर नसेल असं काहीही. म्हणून अशा बैठकीआधी दोन रकाती आणि ‘अल्लाहुम्मह्दिनी व सद्दिद्नी’ यांच्या बरोबरीने पोटभर जेवण आणि पुरेशी झोप हीसुद्धा तयारीच आहे. जाणकार निवाडा करणाऱ्याने प्रयत्नपूर्वक निकाल दिला आणि तो बरोबर ठरला तर दोन सवाब (पुण्य), चुकला तर एक, असंही हदीसमध्ये आहे. पण तो एक सवाब प्रयत्नाचा आहे. दोन्ही बाजू न ऐकता दिलेल्या निकालाला तो लागू होत नाही.

राहिला प्रश्न वेळ नसणाऱ्यांचा आणि ज्यांना नमाज पढता येत नाही त्यांचा. मासिक पाळीत किंवा वुजू-नमाजची सोय नसलेल्या जागी इस्तिखाऱ्याची फक्त दुआ करता येते. नववींनी हे स्पष्ट लिहिलं आहे. दुआ पाठ नसेल तर कागदावरून किंवा मोबाईलवरून वाचा, सलामनंतर त्याला काहीच आडकाठी नाही. आणि फोनवर समोरचा उत्तरासाठी थांबला असेल, तेवढाच वेळ हातात असेल, तर ‘अल्लाहुम्मा खिर ली वख्तर ली’ म्हणा: माझ्यासाठी भलं ठरव आणि तूच निवड. तिर्मिजी यांनी तिची सनद कमजोर असल्याचं स्वतः नोंदवलं आहे, म्हणून सुन्नत (पैगंबरांची रीत) समजून नव्हे, साधी दुआ म्हणून म्हणा. आणि शक्य असेल तर समोरच्याकडे उद्यापर्यंत मुदत मागा. बहुतेक वेळा ती मिळते.